अनुभव धागा: नर्स टिकत का नाहीत?

मांडवीकाठ:
पेपरात गोव्यातल्या स्टाफ नर्सच्या भरतीची जाहिरात बघितली आणि वॉर्डाच्या इन-चार्ज सिस्टरच्या टेबलामागचा, चिकटपट्ट्या लावलेला रोस्टर (पाळ्यांचा तक्ता) आठवला. भरतीवर सगळे बोलतात, रोस्टरवर कोणी नाही. लिहा.

जायफळ:
सिस्टर किती हव्यात याचं प्रमाण १:३, म्हणजे एका सिस्टरला तीन पेशंट, असं लोकांना वाटतं. नर्सिंग कौन्सिलचा तो हिशेब तिन्ही पाळ्या मिळून आहे, तोही मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डाचा. एका पाळीत एकीला ९ पेशंट. तीस खाटांना १० सिस्टर, वर रजेसाठी ३० टक्के, झाल्या १३. आता बसवा: सकाळ ४, दुपार ३, नाईट २, नाईटनंतरच्या सुट्टीवर २, वीकली ऑफ २. संपल्या! एकीला ताप आला की दुसरीची डबल ड्युटी.

कुळागर:
+१. त्यात ८ ते २, २ ते ८, पाळ्या एकमेकींना चिकटून. ओव्हर द्यायला, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंट समजावून द्यायला, वेळच धरलेला नाही. रात्री आठचं अँटिबायोटिक ट्रेमध्ये भरून तसंच, कारण एक नार्कोटिकच्या कपाटातले अँप्यूल मोजून देतेय, दुसरी मोजून घेतेय. येणारीला अर्धा तास आधी बोलवा, पण तो ड्युटीत धरा. फुकट नको.

सत्तरीकर:
आठला सुटून वाळपईची बस कोण थांबवणार गो?

जायफळ:
म्हणूनच लांबच्यांना दुपारपाळी कमी द्यावी. सकाळ नाहीतर नाईट.

पाटयो:
चवथीच्या, म्हणजे गणपतीतल्या, ड्युटीचं कोणी बोललंच नाही. तेव्हा क्रिस्तांव सिस्टर वॉर्ड ओढतात, नाताळात आपण. ही अदलाबदल जूनमध्येच रजिस्टरवर लिहून घ्या. इन-चार्ज बदलली की तोंडी कबुली गेली.

सत्तरीकर:
नेवऱ्यांची अदलाबदल पण लिहा 😀

कुळागर:
खासगीत तर पगारच मुळात कमी. २०१६ च्या केंद्रीय समितीने ५० खाटांखाली किमान २०,००० आणि २०० च्या वर सरकारी पगाराइतका म्हटलं होतं. म्हटलं होतं, बरं का. हॉस्पिटलने मूळ सर्टिफिकेटं कपाटात अडकवून मुली थांबत नाहीत, उलट लवकर जातात.

पाटयो:
आणि बाहेर जाणाऱ्यांचं: पोर्तुगीज पासपोर्ट काढला तरी युकेत नर्स व्हायला सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा), ऑस्की (प्रत्यक्ष कामाची परीक्षा) सुटत नाही. इंग्रजीची परीक्षाही नाही.

सत्तरीकर:
ओईटीत (ती इंग्रजीची परीक्षा) रायटिंगला सी प्लस ग्रेड चालतो ना?

पाटयो:
चालतो, बाकी तिन्हींत बी. रायटिंगला रेफरल, डिस्चार्ज नाहीतर ट्रान्सफरचं पत्र असतं. ओव्हरबुक नीट लिहिणारीला जड नाही.