भाऊ गेला. त्याच्या ऑनलाइन खात्यांचं काय करायचं, सुरुवात कुठून?

पारिजात:
माझा मोठा भाऊ गेल्या महिन्यात अचानक गेला. आजारपण नव्हतं, त्यामुळे काही सांगून ठेवायची वेळच त्याच्यावर आली नाही. त्याचा फोन बोटाच्या ठशाने उघडायचा, पासकोड आम्हाला कुणालाच माहीत नाही. लॅपटॉप मात्र वहिनीला उघडता येतो आणि त्यात त्याचं जीमेल चालूच आहे. मुलांच्या जन्मापासूनचे सगळे फोटो त्याच गूगल खात्यात आहेत.

घरात दोन मतं आहेत. वहिनी म्हणते, सगळं बंद करा; त्याच्या फेसबुकवर कुणी काही लिहिलं की तिचा जीव कासावीस होतो. आई म्हणते, कशालाही हात लावू नका. काल त्याचा वाढदिवस होता. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी केकची चित्रं टाकली, 'पार्टी कधी?' विचारलं. एकेकाला फोन करून सांगताना माझा आवाज फुटेना. शिवाय त्याच्या नंबरचं बिल आलंय, तोही बंद करावा असं घरात चाललंय. आणि त्याचे खासगी मेसेज वाचावेत का, हा प्रश्न मला सोडत नाहीये.

करवंद:
ताई, फार वाईट वाटलं. एक गोष्ट कळकळीने सांगतो: नंबर आत्ता बंद करू नका. बँक, ईमेल, सगळीकडचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. बंद केलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, मग ते ओटीपी परक्याच्या हातात पडतात. सगळ्यात लहान प्लॅन घ्या आणि नंबर चालू ठेवा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलंत तरी त्यावर त्यांचं व्हॉट्सॲप सुरू करू नका, मूळ फोनवरचं लगेच लॉगआउट होईल.

पासकोडचे अंदाज लावत बसू नका. चुका वाढल्या की फोन जास्त जास्त वेळ अडवतो, आणि आयफोनवर दहा चुकांनंतर सगळं पुसून टाकायची सेटिंग कुणी चालू ठेवलेली असू शकते.

पैसे कापणाऱ्या सेवांचाही शोध घ्या. गूगलची जादा जागा विकत घेतली असेल आणि कार्ड बंद झालं, तर ती जागा जाते. खातं मर्यादेबाहेर गेलं की नवे मेल येणं थांबतं. नेमके तेव्हाच बँकेचे, विम्याचे मेल हवे असतात. कार्ड बंद करण्याआधी हे बघाच.

सायली७:
माझे मिस्टर गेले तेव्हा मीही तुमच्या वहिनीसारखीच होते, सगळं पुसून टाकावंसं वाटायचं. फेसबुकवर तिसरा मार्ग आहे: खातं स्मरणार्थ ठेवता येतं. मृत्यूचा दाखला जोडून विनंती करायची. मग जुन्या पोस्ट, फोटो तसेच राहतात, पण वाढदिवसाची आठवण कुणाला जात नाही. तुमच्या आई आणि वहिनी दोघींचं समाधान त्यात होईल असं मला मनापासून वाटतं. मात्र त्यानंतर त्या खात्यात कुणालाच लॉगिन करता येत नाही. वारस म्हणून कुणाला नेमायची सोय फेसबुकवर 2015 पासून आहे, पण ती ज्याची त्याने हयातीत करून ठेवावी लागते. त्या वारसालाही मेसेज वाचता येत नाहीत.

व्हॉट्सॲपबद्दल मनाची तयारी ठेवा. साधारण 120 दिवस वापर नसला की खातं आपोआप जातं, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर 'हे ग्रुपमधून बाहेर पडले' अशी ओळ आली. सासूबाई तो फोन हातात घेऊन बसून राहिल्या. आधी सांगितलं असतं तर त्यांना एवढा धक्का बसला नसता, म्हणून तुम्हाला सांगतेय.

दस्तऐवज:
लॅपटॉप उघडा आहे म्हणून त्यांच्या नावाने वावरायचा हक्क मिळत नाही, बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही. गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्यासाठी वेगळा अर्ज आहे. त्यात खातं बंद करण्याची किंवा त्यातला मजकूर मिळण्याची मागणी करता येते. पासवर्ड मात्र ते देत नाहीत. अर्ज लवकर करा, कारण दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगल काढून टाकू शकतं.

मेसेजबद्दल माझं मत ठाम आहे: वाचू नका. पलीकडच्या माणसानेही ते तुमच्या भावावर विश्वास ठेवून लिहिलेत, आणि तो माणूस अजून आहे. पैशांच्या किंवा कामाच्या व्यवहाराचा धागा लागत असेल तेवढाच शोधा.

पारिजात:
तुम्हा सगळ्यांचे आभार. नंबर चालू ठेवतोय. फेसबुकचं वहिनीला पटलं. आईला 'काही पुसलं जाणार नाही' हे दोनदा सांगावं लागलं. फोटोंसाठी गूगलचा अर्ज वहिनीच्या नावाने करतोय. मेसेज मी वाचणार नाही.

माझ्या स्वतःच्या खात्यासाठी आत्ताच काही करून ठेवता येतं का?

करवंद:
येतं. गूगलच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' शोधा. किती महिने वापर नसला तर कळवायचं ते ठरवा (3 ते 18), विश्वासातली दहा माणसांपर्यंत नावं देता येतात, आणि कुणाला फोटो, कुणाला मेल हेही वेगवेगळं ठरवता येतं. आयफोन असेल तर 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्यामागे आपल्या खात्यातला मजकूर मिळवू शकेल असा माणूस, नेमा. त्याची जी किल्ली (एक कोड) मिळते ती छापून त्या माणसाकडे द्या, कारण पुढे दाखल्यासोबत तीच लागते. वहिनींनाही सोबत बसवून करून घ्या.