फेरीची दिशा आणि खडीचा चढ

एकूण अंतर आणि एकूण चढाई या दोन आकड्यांवरून सायकलची फेरी किती अवघड आहे हे ठरवता येते, असे म्हटले जाते. निव्वळ डांबरी रस्त्यासाठी ते बऱ्याच अंशी मान्य आहे. परंतु मध्ये खडीचे आणि मातीचे टप्पे येत असतील, तर कोणता चढ कशा रस्त्यावर आहे आणि आपण तो कोणत्या बाजूने गाठतो, याला अधिक महत्त्व द्यावे. सरासरी चढही फसवा असतो: ८ किमीमध्ये ४८० मीटर म्हणजे सरासरी ६ टक्के, पण त्यातले २ किमी सपाट असतील, तर उरलेल्या ६ किमीच्या वाट्याला ८ टक्के येतात. सुट्या खडीवर असा चढ उभे राहून चढू लागलो, की वजन पुढे सरकते आणि मागचे चाक जागच्या जागी फिरू लागते. तिथे बसूनच पेडल मारावे लागते, म्हणून सर्वांत हलका गिअर निवडताना हाच टप्पा डोळ्यांसमोर ठेवावा.

चढाच्या दोन्ही बाजूंची तीव्रता सारखी असेल आणि एक बाजू खडीची, दुसरी डांबरी असेल, तर मी खडीची बाजू चढायला आणि डांबरी बाजू उतरायला ठेवतो, कारण खडीच्या उतारावर थांबायला जास्त अंतर लागते आणि ब्रेक सतत दाबून बोटे आखडतात. टायरमधील हवा खडीसाठी थोडी कमी करावी. मात्र ट्यूब असल्यास ती फार उतरवू नये, दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके पडतात.