'जर्नीमन' फुटबॉलपटू : फिरस्ता, कसबी की सालगडी?

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्लिश फुटबॉलपटूंविषयी मराठीत लिहिताना 'जर्नीमन' हा शब्द आडवा आला की बहुतेक जण 'भटका खेळाडू' किंवा 'फिरस्ता खेळाडू' असे लिहून मोकळे होतात. 'जर्नी' म्हणजे प्रवास हे मनात पक्के बसलेले असल्यामुळे ही गल्लत होते. वास्तविक या शब्दाच्या मुळाशी प्रवास नसून दिवस आहे. जुन्या फ्रेंचमधील ज्या शब्दावरून तो आला, त्याचा अर्थ एक दिवस किंवा एका दिवसाचे काम असा होता. उमेदवारी संपवून कसब हाती आलेला, पण स्वतःचे दुकान थाटून उस्ताद न झालेला, दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर काम करणारा कारागीर म्हणजे जर्नीमन. त्यामुळे चोख खेळणाऱ्या, पण फारसे नाव न झालेल्या आणि अनेक क्लबांतून खेळलेल्या खेळाडूला हा शब्द लागला, तेव्हा त्यात कारागिरीची छटा आधी होती. गावोगाव फिरण्याची छटा नंतर गडद झाली.

'फिरस्ता' मला आणखी एका कारणाने खटकतो. फिरस्ता आपल्या मर्जीने फिरतो, आणि त्या काळच्या खेळाडूला तशी मर्जीच नव्हती. हर्बर्ट किंगबी याचे उदाहरण पाहावे. कडेने खेळणारा हा आघाडीचा खेळाडू 1906 मध्ये क्लॅप्टन ओरिएंटकडून ॲस्टन व्हिला क्लबात गेला; त्यापोटी व्हिलाने ओरिएंटला 300 पौंड मोजले. त्याचा स्वतःचा पगार होता आठवड्याला 4 पौंड, म्हणजे 1901 पासून लागू असलेल्या कमाल वेतनाइतका. व्हिलात त्याचे बस्तान बसले नाही, म्हणून तो सदर्न लीगमध्ये आधी फुलहॅमकडून आणि पुढे लेटनकडून खेळला. सदर्न लीग ही वेगळी स्पर्धा होती आणि व्हिला ज्या फुटबॉल लीगमध्ये खेळे, तिच्या नोंदणीला, म्हणजे कोणता खेळाडू कोणत्या क्लबाचा या नोंदीला, ती तेव्हा बांधील नसल्यामुळे हे शक्य झाले. मात्र 1910 मध्ये दोन्ही लीगनी एकमेकांची नोंदणी मानण्याचे ठरवले, आणि ज्याला वर्षानुवर्षे एक पैही दिली नव्हती त्या खेळाडूवर व्हिलाचा हक्क पुन्हा जागा झाला. व्हिलाने मागितलेली रक्कम मोजून त्याला घेण्याची ऐपत लहान क्लबांत नव्हती. खेळाडूंच्या संघटनेच्या पाठबळावर तो न्यायालयात गेला आणि 1912 मध्ये हरला. खटल्याच्या खर्चाने 1907 मध्ये स्थापन झालेली ती संघटनाही डबघाईला आली.

आता आपल्याकडे पाहू. खेळाडूला आपण 'गडी' म्हणतो; क्रिकेटमध्ये आजही गडी बाद होतो. शेतावरच्या नोकरालाही गडीच म्हणतात, आणि वर्षाच्या बोलीवर राहणारा तो सालगडी. पाडव्याला जुने साल संपते, धनी आणि गडी ओसरीवर बसून नव्या सालाची रक्कम आणि ज्वारीची पोती ठरवतात, आणि बोलणे फिसकटले तर गडी दुसऱ्या धन्याकडे जातो. अंगावर उचल बाकी असेल तर मात्र त्याचा पाय निघत नाही. इंग्लिश खेळाडूचा करारही साधारणपणे एका हंगामापुरताच असे. पण हंगाम संपला, करार संपला, तरी क्लबाने त्याचे नाव राखीव यादीत ठेवले की लीगमधला दुसरा कोणताही क्लब त्याला परस्पर घेऊ शकत नसे. म्हणजे अंगावर एक पैची उचल नसतानाही तो उचल घेतलेल्या सालगड्यासारखा अडकून पडे. एवढी जवळची तुलना मराठीत तयार असताना 'फिरस्ता' लिहून ती अडचण पुसून टाकणे मला पटत नाही.

'पोटार्थी खेळाडू' हाही पर्याय सुचवला जातो, पण त्यात कमीपणा आहे. पोटासाठी खेळणे हा दोष नव्हे, आणि मूळ शब्दात तसा हेटाळणीचा सूर नाही. 'रोजंदार' हा व्युत्पत्तीला सर्वांत जवळचा असला तरी वाचकाला त्यातून हातातले कसब दिसत नाही, आणि किंगबीची बोली रोजाची नव्हतीही. 'बारा गावचे पाणी प्यालेला' हे ऐकायला छान वाटते; मात्र त्यातून मुरब्बीपणा किंवा बेरकीपणा सूचित होतो, न्यायालयात हरलेल्या किंगबीची अगतिकता नव्हे.

म्हणून सर्वसाधारण वापरासाठी माझे मत 'कसबी खेळाडू' या शब्दाला आहे. 1963 मध्ये जॉर्ज ईस्टहॅम या फुटबॉलपटूच्या खटल्यात न्यायालयाने ती राखीव यादीची पद्धत अन्याय्य ठरवली. त्याआधीच्या खेळाडूंविषयी लिहिताना 'कसबी, पण क्लबाच्या यादीत अडकलेला' असे चार शब्द अधिक खर्चावेत.