तोराहला राजा हवाय की आवरलेला राजा?

जुना_वाचक:
दुसऱ्या एका चर्चेत कुणीतरी ठोकून दिलं की ज्यू धर्मशास्त्राचा आदर्श म्हणजे बलाढ्य राजा आणि त्याने बांधलेलं भव्य मंदिर. मला ते पटत नाही, म्हणून वेगळा धागा.

तोराह म्हणजे ज्यूंचं पाच ग्रंथांचं नियमशास्त्र. त्याच्या पाचव्या ग्रंथात (मराठी बायबलात 'अनुवाद'), सतराव्या अध्यायात राजाचे नियम आहेत. बहुतेक सगळे 'करू नये' छापाचे. घोडे फार बाळगायचे नाहीत, बायका फार करायच्या नाहीत, सोनंनाणं साठवायचं नाही. करायचं ते एकच: नियमशास्त्राची प्रत उतरवून घ्यायची आणि जन्मभर वाचायची, म्हणजे भाऊबंदांपुढे डोक्यात हवा जाणार नाही. शेजारी इजिप्तमध्ये फारोला देव मानत होते, हे लक्षात घ्या.

आता शलमोन, दाविद राजाचा मुलगा, यरुशलेमचं मंदिर बांधणारा इस्राएलचा राजा. घोडे हजारोंनी, 700 राण्या, 300 उपपत्नी, आणि यरुशलेमात चांदी धोंड्यांच्या भावाने. मंदिराला 7 वर्षं लागली, स्वतःच्या वाड्याला 13. लबानोनातल्या लाकडासाठी 30,000 माणसं वेठीला धरली. एक महिना तिकडे, दोन महिने घरी. तो गेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, आले: जरा जू हलकं कर. उत्तर मिळालं: बापाने चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. मग वेठीवरचा अधिकारी पाठवला, त्याला लोकांनी दगडांनी ठेचला आणि राज्याची दोन शकलं झाली. याला आदर्श म्हणायचं?

पेठेतला_पंडित:
सोयीचं तेवढंच उचललंत. बायबलातल्या शास्ते ग्रंथाचा शेवट वाचा: तेव्हा इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरं वाटे ते तो करी. त्याच्या आधी काय आहे? गिबा गावात एका बाईवर रात्रभर अत्याचार, त्यातून यादवी, आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी बन्यामीनचा अख्खा वंश संपता संपता वाचला. राजा नसण्याची किंमत ही.

आणि बाराव्या शतकातल्या मैमोनिदीस या ज्यू धर्मपंडिताने स्वच्छ लिहिलंय की देशात शिरल्यावर लोकांना तीन आज्ञा होत्या: राजा नेमा, अमालेकाचा (इस्राएलची जुनी वैरी टोळी) नाश करा, मंदिर बांधा. पहिला राजाच. शलमोन घसरला म्हणून गादीच नको, हा कुठला न्याय?

सरखेल:
मैमोनिदीस म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पंधराव्या शतकातला ज्यू पंडित अबार्बानेल बघा. पोर्तुगालच्या राजाचा खजिना सांभाळला, तिथून जीव घेऊन पळाला, मग स्पेनच्या फर्डिनांड-इझाबेलाच्या चाकरीत. त्यांनीच 1492 साली सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. त्याचं म्हणणं असं की राजा नेमायची आज्ञाच नाही. तुम्ही हट्ट धरलातच तर निदान असा ठेवा, एवढीच मुभा. व्हेनिसचा कारभार राजाशिवाय चालतो, याचा दाखलाही तो देतो.

पेठेतला_पंडित:
दोन दरबारांत हात पोळलेल्या माणसाचा राग आहे तो. राग समजतो, पण त्याचं शास्त्र कसं होईल?

सरखेल:
शमुवेल संदेष्टा कुठल्या दरबारात पोळला होता? लोकांनी राजा मागितला तेव्हा तो म्हणाला: तुमची पोरं रथापुढे धावायला नेईल, पोरी भटारखान्यात, धान्याचा दहावा हिस्सा, चांगले मळे आपल्या माणसांना. अगदी तलाठ्याच्या बारकाव्याने सांगितलंय. लोकांनी ऐकलं नाही.

आक्षी_अलिबाग:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, त्यामुळे दोन शब्द. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं, यज्ञ थांबले. आमचे पूर्वज कोकणात तेल गाळत होते, शनिवारी घाणा बंद म्हणून 'शनिवार तेली'. ना राजा, ना मंदिर. मुंबईतलं पहिलं प्रार्थनागृह 1796 चं, तोवर सगळं घरातच. नवस फेडायला आजही मलिदा करतो: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबीचं (एलीया संदेष्ट्याचं) नाव. धर्म तगला तो घरांमुळे.

पेठेतला_पंडित:
ताई/दादा, मलिद्याबद्दल आदरच आहे. पण तुमच्या रोजच्या प्रार्थनेत यरुशलेम पुन्हा बांध, दाविदाचं सिंहासन पुन्हा मांड, अशी मागणी आहे ना? नको असलेली गोष्ट कुणी रोज मागतं का?

आक्षी_अलिबाग:
दादाच. मागतो की! पण 'मंदिरावर राजाची मालकी' असं मागत नाही. यहूदाचा उज्जीया राजा धूप जाळायला स्वतः मंदिरात घुसला, तेव्हा 80 याजक आडवे आले: हे तुझं काम नव्हे. तिथल्या तिथे त्याच्या कपाळावर कोड उठलं, आणि मरेपर्यंत वेगळ्या घरात राहिला.

जुना_वाचक:
नेमकं हेच. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास अलेक्झांडर यन्नाय या ज्यू राजाने राजाचा मुकुट आणि महायाजकपद दोन्ही स्वतःकडे ठेवलं. मंडपांच्या सणात तो वेदीपाशी उभा असताना लोकांनी हातातली महाळुंगं त्याला फेकून मारली. त्याने सुमारे 6,000 जणांना कापून काढलं, असं पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो.

पेठेतला_पंडित:
वाईट राजांची यादी कितीही लांबवता येईल. मिश्नातला (ज्यूंच्या तोंडी परंपरेतल्या नियमांचा जुना संग्रह) अग्रिप्पा राजा घ्या. दर सात वर्षांनी मंडपांच्या सणात राजाने मंदिरात लोकांपुढे तोराह वाचायची असते, बसून वाचली तरी चालते. हा उभा राहिला. 'परका माणूस राजा नेमू नको' या ओळीशी आला आणि रडला, कारण हेरोदाच्या घराण्याचा, मूळ बाहेरचं. लोक ओरडले: भिऊ नकोस, तू आमचा भाऊच आहेस! राजा, मंदिर, नियमशास्त्र एका ठिकाणी. मला अभिप्रेत आदर्श हा.

जुना_वाचक:
प्रसंग सुंदर आहे, वादच नाही. पण तलमूद, म्हणजे मिश्नावरची पुढची चर्चा, काय म्हणतो तेही सांगा ना. ती खुशामत होती, आणि त्या खुशामतीपायी राष्ट्र विनाशाला पात्र ठरलं.