आई-बाबांचा फोन: नवा घ्यावा की जुनाच चालवावा?

विषय: आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन, सल्ला हवा
प्रेषक: मृ., प्लेन्सबरो

नमस्कार मंडळी,

माझे आई-बाबा पुढच्या महिन्यात पुण्याहून सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत येताहेत. मागच्या खेपेला दोघांनी भारतातलेच फोन घरच्या वायफायवर चालवले, त्यामुळे दाराबाहेर पाऊल टाकलं की त्यांचा पत्ता लागायचा नाही. बाबांना सकाळचं लांब फिरणं चुकवायचं नसतं आणि इकडे माझा जीव टांगणीला. या वेळी दोघांनाही इथला नंबर द्यायचा आहे.

आमच्या फोन कंपनीच्या दुकानात विचारलं, तर म्हणे दोन नव्या लाइन घ्या, दोन आयफोन फुकट! मोह होतोय. पण बाबांच्या पेन्शनच्या बँकेचे ओटीपी भारतातल्या नंबरावर येतात, ते बंद पडून चालणार नाही. नव्या फोनमध्ये दोन्ही सिम चालतील ना? कोणी केलंय का असं?

मृ.

उत्तर: आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन
प्रेषक: श्री., एडिसन

ताई,

तो फुकट फोन घेऊ नका. त्याची किंमत दर महिन्याच्या बिलातल्या सवलतीतून फिटत असते. टी-मोबाइलकडे सहसा २४ महिने, व्हेरायझन आणि एटीअँडटीकडे ३६. आई-बाबा सहा महिन्यांनी परतले आणि तुम्ही लाइन बंद केलीत, की उरलेली किंमत तुमच्या बोकांडी. शिवाय तोवर फोन त्या कंपनीला बांधलेला, लॉक्ड. लॉक्ड फोन भारतातलं सिम स्वीकारत नाही. म्हणजे तुमचा मूळ प्रश्न तिथेच निकालात निघाला.

दुसरं, दुकानातली मुलं आपणहून सांगत नाहीत ते: अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ईसिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं सिम. गूगलच्या पिक्सेल १० चंही तेच. बाबांचं सिम प्लास्टिकचं असेल तर ते घालणार कुठे? सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेला इथेही ट्रे असतो. नवा घ्यायचाच असेल, तर पूर्ण पैसे मोजून अनलॉक्ड सॅमसंग घ्या.

भारतातलं सिम ईसिम करून आणता येतं, पण ते पुण्यात असतानाच करायला सांगा आणि निघायच्या आदल्या रात्री तर मुळीच नको. तिकडे दूरसंचार विभागाच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, जाणारेही आणि येणारेही. दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून बँक खाती धुणाऱ्यांना रोखायला केलेला नियम आहे, योग्यच आहे, पण सामान बांधता बांधता हे उपद्व्याप नकोत.

श्री.

उत्तर: आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन
प्रेषक: ओ., जर्सी सिटी

काकांचं सगळं मान्य. माझा प्रश्न त्याच्याही आधीचा: नवा फोन हवाच कशाला? भारतातले बहुतेक फोन दोन सिमचे असतात. एका खणात तिकडचं, दुसऱ्यात इकडचं, मिटलं.

फक्त आधी तपासून घ्या. बाबांना आजच *#०६# डायल करायला सांगा. १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक दिसेल, दोन सिमच्या फोनला दोन दिसतील. ते घेऊन कंपनीच्या वेबसाइटवर स्वतःचा फोन आणणाऱ्यांसाठी जे पान असतं तिथे टाका. खोक्यावर 'फाइव्हजी' छापलंय यावर विसंबू नका. इथे तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं: एटीअँडटीने फेब्रुवारीत, टी-मोबाइलने जुलैत, व्हेरायझनने डिसेंबरअखेर. तेव्हापासून साधा बोलायचा कॉलही फोरजीवरून, म्हणजे व्होएलटीईने जातो. फोनचं त्या कंपनीच्या व्होएलटीईशी जुळलं नाही, तर इंटरनेट चालतं, व्हॉट्सअ‍ॅप चालतं, नकाशाही उघडतो, आणि फोन लावायला जावं तर लागत नाही. सगळं दिसायला ठीक असल्यामुळे गरज पडेपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणून सिम घातल्या घातल्या वायफाय बंद करून एक खराखुरा कॉल करून बघायचा.

एटीअँडटीची मान्य फोनांची स्वतःची यादी आहे, त्यामुळे बाहेरून आणलेल्या फोनसाठी मी त्यांच्याकडे आधी जाणार नाही. टी-मोबाइल त्या मानाने उदार. मात्र त्यांची लांब पल्ल्याची रेंज ६०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर, म्हणजे बँड ७१ वर चालते. व्हेरायझनचा तसा बँड १३. भारतात हे दोन्ही वापरात नाहीत, म्हणून तिकडच्या स्वस्त मॉडेलांत बरेचदा नसतात. मग रस्त्यावर रेंज असते आणि बेसमेंटमध्ये गुल.

प्लॅन प्रीपेड घ्या. पोस्टपेड नव्याने घ्यायला सहसा सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) आणि क्रेडिट तपासणी लागते, प्रीपेडला ती भानगड नाही. प्रीपेडवाल्यांत मिंट टी-मोबाइलच्या जाळ्यावर चालतं, व्हिजिबल व्हेरायझनच्या, क्रिकेट एटीअँडटीच्या. मिंटचे तीन, सहा, बारा महिन्यांचे पैसे आधी भरायचे असतात. सहा महिन्यांच्या मुक्कामाला ते बरं.

आणि ओटीपीचं एवढं काय? यूपीआय आता अमेरिकन नंबरावर चालतं की. बाबांच्या बँकेत इथलाच नंबर द्या.

ओ.

उत्तर: आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन
प्रेषक: वं., पार्सिपनी

अरे ओ., शेवटचं वाक्य मागे घे. अमेरिकन नंबरावर यूपीआयची परवानगी २०२३ मध्ये आली ती एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यांना. मृ.चे बाबा पुण्यात राहणारे पेन्शनर, त्यांचं साधं बचत खातं. ते त्यात बसत नाही. नंबर बदलायला बँकेत अर्ज करून बसले तर इथून तो पुन्हा पूर्ववत करताना नाकी नऊ येतील.

मृ., सिमपेक्षा बँकेच्या अ‍ॅपचा विचार आधी कर. यूपीआयची अ‍ॅपं आणि बऱ्याच बँकांची अ‍ॅपं फोनला सिमशी बांधून ठेवतात. नव्या फोनवर अ‍ॅप टाकलं की ते त्याच फोनमधल्या नोंदणीकृत सिमवरून स्वतः एक एसएमएस पाठवतं. तो पोचला तरच पुढचं दार उघडतं. पुण्यात हे क्षणात होतं. इथे रोमिंगवरून तो एसएमएस कधी जातो, कधी लटकतो, आणि चार वेळा प्रयत्न केला की अ‍ॅप आपल्यालाच चोर समजून कुलूप लावतं. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळी हे सगळं घडलंय. शेवटी पुतण्याला पुण्यात शाखेच्या पायऱ्या झिजवायला लागल्या.

म्हणून माझं मत दोघांपेक्षा वेगळं आहे. बाबांच्या चालू फोनला, त्यातल्या सिमला, अ‍ॅपना हातच लावू नका. ईसिमही करू नका. तो आयएमईआयच्या परीक्षेत पास झाला तर दुसऱ्या खणात इथलं सिम घाला. नापास झाला तर तो घरी चार्जरला लावून ठेवा, आणि फिरायला न्यायला इथला एखादा साधा अनलॉक्ड अँड्रॉइड घ्या. दोन फोन सांभाळायचा वैताग आहे, मान्य. पण बँक बंद पडण्यापेक्षा परवडला.

भारतातल्या नंबराचं: निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्यायचं आणि मूळ रिचार्जची मुदत परत जायच्या तारखेपलीकडची ठेवायची. सिमच्या प्रीपेड खात्यात २० रुपये ठेवले की झालं, असं सगळीकडे फिरत असतं. ट्रायच्या, म्हणजे तिकडच्या दूरसंचार नियामकाच्या, त्या नियमाने ९० दिवस न वापरलेला प्रीपेड नंबर दुसऱ्याला जाण्यापासून वाचतो, एवढंच. प्लॅन संपल्यावर ओटीपी येत राहतील असं त्यात कुठेही नाही.

इथे उतरल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग बंद. त्यावर आलेले कॉल उचलायचे नाहीत, मिनिटाला पैसे पडतात. मुलांनी पुण्यातल्या आत्यांना हे आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर त्या आठवणीने त्याच नंबरावर फोन करतात आणि बाबा आनंदाने अर्धा तास बोलतात. आईचा आयफोन असेल तर आणखी एक: आयमेसेज (अ‍ॅपलची मेसेज सेवा) सुरू होताना फोन गुपचूप एक आंतरराष्ट्रीय एसएमएस धाडतो आणि भारतातल्या सिममधून पैसे कापले जातात. आयमेसेज आधी बंद ठेवा, इथला नंबर बसला की त्याच नंबरावर सुरू करा. व्हॉट्सअ‍ॅप मात्र पुण्याच्या नंबरावरच राहू दे. नंबर बदलायचा का असं विचारेल, नाही म्हणायचं.

वं.

उत्तर: आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन
प्रेषक: श्री., एडिसन

वं.वहिनींचं पटलं, माझा ईसिमचा आग्रह सोडला.

एक भर. बेसमेंटसाठी वायफाय कॉलिंग सुरू कराल तेव्हा फोन आणीबाणीचा पत्ता विचारतो. तिथे कंटाळून काहीही टाकू नका. वायफायवरून ९११ लावला तर रुग्णवाहिका त्या पत्त्यावर निघू शकते. आई-बाबा मधे महिनाभर तुमच्या भावाकडे टेक्सासला जाणार असतील, तर फोनमधला पत्ता बदलूनच त्यांना पाठवा.

श्री.

उत्तर: आई-बाबांसाठी फोन आणि प्लॅन
प्रेषक: मृ., प्लेन्सबरो

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांकडून *#०६# करून घेतलं. त्यांचा फोन टी-मोबाइलच्या पानावर पास, आईचा नापास. त्यामुळे बाबांना नुसतं सिम आणि आईला इथला साधा अनलॉक्ड फोन. तिचं बँकेचं सगळं बाबाच बघतात, तेव्हा तिच्या जुन्या फोनची चिंता नाही. दोन फुकट आयफोनांना राम राम.

रोमिंगसाठी बाबा उद्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानात जाणार आहेत. घरबसल्या अ‍ॅपवरून होतं म्हटलं, तर म्हणाले, समोरच्या माणसाने पावती दिल्याशिवाय मी पैसे देत नाही.

वं.मावशी, आत्यांना फोन तुम्हीच करा ना. माझं त्या ऐकत नाहीत.

मृ.