एकाच पीडीएफमधली पानं मोबाईलवर वेगवेगळी कशी करायची?

होटगीरोडकर:
बहिणीचं इंजिनिअरिंगचं ॲडमिशन चालू हाय. सात रस्त्याजवळ कागदपत्रं स्कॅन करून घेतली तर दुकानदारानं सगळ्याची मिळून एकच ९ पानांची पीडीएफ व्हॉट्सॲपला टाकली, मार्कशीट, एलसी, डोमिसाईल, कास्ट, व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेअर सगळं एकाखाली एक. साईटवर प्रत्येकाची वेगळी फाईल पायजे. घरी कॉम्प्युटर नाही, अँड्रॉइड फोन हाय. स्क्रीनशॉट काढून बघितले, शिक्क्यावरचं काहीच वाचता येईना. सांगा की ओ कुणीतरी.

घरकुल_७:
ॲप घ्यायची गरजच नाही. फाईल गुगल ड्राईव्हमध्ये उघडा, वर तीन टिंबं दिसतात तिथं प्रिंट दाबा. प्रिंटर नसला तरी चालतंय, वरती प्रिंटरच्या जागी 'सेव्ह ॲज पीडीएफ' निवडायचं. मग खालचा बाण ओढला की पेजेस येतं, तिथं ऑल काढून रेंज घ्या आणि पान नंबर टाका. एलसी तिसऱ्या पानावर असेल तर नुसतं 3, कागद दोन पानी असेल तर 8-9. नंबर इंग्लिश आकड्यातच टाका. मग पीडीएफचं गोल बटण दाबून नाव द्या, 'एलसी', 'डोमिसाईल' असं सरळ, नाहीतर अपलोड करताना कुठली कुठली ते शोधत बसावं लागतंय. प्रत्येक कागदाला परत तेच करायचं, जरा कंटाळवाणं हाय पण पंधरा वीस मिनिटात होतंय.

नवीपेठ_अमोल:
एवढं कशाला, पीडीएफ स्प्लिट म्हणून सर्च करा, साईटवर फाईल टाकली की सगळी पानं एका झटक्यात सुटी होऊन मिळतात.

घरकुल_७:
अमोलभाऊ, कॉलेजच्या नोट्स असत्या तर मीपण तेच सांगितलं असतं. पण इथं मुलीचं नाव, जन्मतारीख, जात, पत्ता सगळं हाय आणि ती फाईल अनोळखी सर्व्हरवर जाते. प्रिंटवालं काम फोनमधल्या फोनमध्ये होतंय. मुलीची कागदं हायत ओ, थोडा वेळ गेला तर जाऊ दे.

जुळेसोलापूर_ताई:
माझ्याकडं आयफोन आहे, त्यातपण असंच होतं. शेअरमधून प्रिंट, पानं निवडायची, मग प्रिव्ह्यूवर दोन बोटं फाकवली की त्याची पीडीएफ होते, ती फाईल्समध्ये सेव्ह करायची.
अजून एक, डिजिटल सहीचा सातबारा किंवा ई-आधार असेल तर असं पान काढू नका, सही तुटते, नुसतं चित्र राहतं. ती मूळ फाईल आहे तशीच द्यायची. तुमचे स्कॅन आहेत त्यामुळे प्रश्न नाही.

होटगीरोडकर:
झालं ओ दादा! सगळी सुटी झाली, शिक्के पण स्पष्ट हायत. फक्त बारावीचं मार्कशीट साईट घेईना, साईज जास्त म्हणतंय. आता ते कसं कमी करायचं?

घरकुल_७:
तेवढं एकच पान ड्राईव्हच्या प्लसमधून 'स्कॅन'नं परत काढा, खिडकीजवळ उजेडात धरून. रंगीतच पायजे असं साईटवर लिहिलं नसेल तर ब्लॅक अँड व्हाईट ठेवा, साईज बरीच उतरते. सेव्ह केल्यावर झूम करून सीट नंबर वाचून बघा आणि मगच टाका.