शाळेच्या छपराचा ठराव झाला, पुढे काय करायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. गावच्या सरकारी प्राथमिक शाळेच्या छपराचे वासे वाळवीने पोखरलेत, मंगळुरी कौले सरकलीत आणि एका वर्गात धो धो गळते. त्यामुळे दोन वर्गांची मुले एकाच खोलीत कोंबलेली आहेत. जुलैच्या ग्रामसभेत विषय मांडला, ठराव एकमताने झाला. (त्याच सभेत गावच्या वेशीवरच्या कमानीचा खर्चही मंजूर झाला, त्याला मात्र पैसा होता!)

आता पंचायत म्हणते, इमारत शिक्षण खात्याची, आमच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही. भागशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारले तर "प्रस्ताव वर पाठवलाय" एवढेच उत्तर.

कुणी हे प्रकरण तडीस नेले आहे का? ठरावाची प्रत साध्या अर्जावर मिळते, की 2005 च्या माहिती हक्क कायद्याखालीच मागावी? सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यायची तर अर्ज मुख्याध्यापकांचा लागतो, की पालक-शिक्षक संघाचा चालतो? मुख्याध्यापक बाई बिचाऱ्या सही करायला कचरतात, बदलीची भीती. आणि तात्पुरती ताडपत्री, वासे एवढा खर्च तरी पंचायत स्वतःच्या निधीतून करू शकते ना?

ऑक्टोबरमध्ये पुढची ग्रामसभा आहे. त्याआधी लेखी प्रश्न द्यायचाय, म्हणून कुणाकडे अशा अर्जाचा मसुदा असेल तर कृपया इथे टाका. पेपरात बातमी द्या हा सल्ला मिळालाय, पण ते शेवटी बघू.